गिऱ्हाईक न बोलता परत जातं तेव्हा...

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली. रस्त्याच्या कडेला सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्यातल्याच एका छोट्या रोलिंग मिलमध्ये लाल सळ्या सरसर धावत असतात आणि एकाएकी कुठून तरी कर्कश आवाज येऊ लागतो. गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप बसलेला! पंप एवढासा, त्याची मोटर त्याहून छोटी. पण तेल बंद म्हणजे गिअरबॉक्स बंद, आणि गिअरबॉक्स बंद म्हणजे अख्खी मिल बंद. फिटर मोटर उघडतो आणि तुटकं बेअरिंग सुपरवायझरच्या हातावर ठेवतो. काळ्या तेलाखाली आकडा दिसतो : ६२०५.

सुपरवायझर तरुण आहे. खिशातून मोबाइल काढतो आणि जवळचं बेअरिंगचं दुकान शोधतो. एक वेबसाइट सापडते. ती उघडायला वेळ लागतो. उघडते तेव्हा आधी एक मोठं चित्र सरकत येतं, मग दुसरं, मग तिसरं. 'आपलं सहर्ष स्वागत!' त्याखाली संस्थापकांचा हार घातलेला फोटो. त्याखाली 'गुणवत्ता हेच आमचं ब्रीद'. बेअरिंग कुठं आहे? 'उत्पादने' असं लिहिलंय तिथं बोट ठेवलं, तर भली मोठी पीडीएफ फाइल उतरू लागते. फोन नंबर? तो शेवटी, चित्रातल्या बारीक अक्षरांत, आणि तोही लँडलाइनचा. सुपरवायझर दोन मिनिटं धडपडतो आणि मागे फिरतो.

त्याच वेळी, दोन फर्लांगांवरच्या बंद शटरमागे फळीवर ६२०५ क्रमांकाची तीन बेअरिंगं कोरी करकरीत पडलेली असतात. मालक वरच्या मजल्यावर झोपलेले. सकाळी ते शटर उघडतील आणि म्हणतील, "काल काही धंदा झाला नाही बुवा!"

हे दुकान, ही मिल आणि तो सुपरवायझर कल्पनेतले आहेत. पण दुकानापर्यंत येऊन असं न बोलता परत गेलेलं गिऱ्हाईक मात्र अगदी खरं आहे. ते प्रत्येक गावात आहे.

सिलतऱ्याची गोष्ट

सिलतरा हे रायपूरच्या उत्तरेला, धरसीवा भागातलं गाव. आज ते गावापेक्षा औद्योगिक क्षेत्र म्हणूनच ओळखलं जातं. इथं मुख्य काम लोखंडाचं. खनिज लोखंड आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवून स्पंज आयर्न करायचं, ते वितळवून पोलादाचे ठोकळे ओतायचे आणि ते लाटून सळ्या, अँगल, पट्ट्या काढायच्या. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे. सिलतऱ्यातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक नागपूरच्या जायसवाल नेको समूहाचा. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं, तरी ये-जा थांबली नाही.

मोठ्या कारखान्याच्या आजूबाजूला छोट्या धंद्यांचं मोहोळ जमतं. कुणी बेअरिंग विकतो, कुणी पट्टे. कुणी मोटर रिवाइंडिंग करतो, कुणी लेथवर शाफ्ट कातून देतो. कुणी हेल्मेट-हातमोजे पुरवतो, कुणी कामगारांचे डबे. मोठ्या कारखान्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. छोट्याचं नाव फक्त ओळखीच्यांना. नवं गिऱ्हाईक त्याला शोधत येणार ते बहुधा मोबाइलवरूनच. म्हणून वेबसाइट चांगली असण्याची गरज मोठ्यापेक्षा छोट्याला अधिक. जालन्याच्या पोलादनगरीत, बुटीबोरीत, चाकणला, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या शिरोलीत, सगळीकडे हेच चित्र.

दुकानात गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं तर मालकाला ते दिसतं. तो हाक मारतो, "काय हवं होतं भाऊ?" वेबसाइटवरून माणूस परत गेला तर पायरी वाजत नाही, दार करकरत नाही. तो तक्रारही करत नाही, कारण तक्रार करायला त्याला वेळ नसतो. त्याला बेअरिंग हवं असतं. आणि म्हणूनच कित्येक मालक वर्षानुवर्षं समजत राहतात की वेबसाइट 'छान आहे'.

पाटी की काउंटर?

ही समजूत आली कुठून? भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, व्यापाऱ्यांची यादी देणारं इंडियामार्ट सुरू झालं. फोनवर दुकानाचा पत्ता सांगणारी जस्टडायल सेवाही त्याच वर्षीची. त्या काळात वेबसाइट असणं हीच प्रतिष्ठा होती. व्हिजिटिंग कार्डावर खाली पत्ता छापता आला की झालं! मग ती कशी असणार? दुकानावरच्या पाटीसारखी. मोठं नाव, रंगीत चित्रं, संस्थापकांचा फोटो, ब्रीदवाक्य. पाटी लावली की ती दहा वर्षं कुणी उतरवत नाही.

पण वेबची सुरुवात पाटीनं झालेलीच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब जन्माला घातलं आणि १९९१ मध्ये ते जगासाठी खुलं केलं. सर्नमधल्या लोकांना मात्र सुरुवातीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. ते त्यांना रोजच्या वापरात हवंसं झालं ते संस्थेच्या टेलिफोन डिरेक्टरीमुळे! कुणाचा तरी नंबर चटकन हवा असे आणि तो तिथं मिळे. म्हणजे वेबचं पहिलंवहिलं गिऱ्हाईकही सिलतऱ्यातल्या त्या सुपरवायझरसारखंच होतं. त्याला शोभा बघायची नव्हती, नंबर हवा होता.

सगळ्या सुधारणेचं मर्म एवढंच. वेबसाइट ही मालकाची पाटी नाही, गिऱ्हाइकाचं काउंटर आहे. काउंटरवर गिऱ्हाईक प्रश्न घेऊन येतं. त्याचं उत्तर मिळालं तर थांबतं, नाही तर जातं.

फोनशेजारची वही

मग त्या कल्पनेतल्या दुकानात सुधारणा कुठून सुरू करायची? मानू या की मालक साठीतले आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. पुतणी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दुकानात बसू लागली आहे. ती काकांना म्हणते, "काका, वेबसाइट नवी करायची ना?" काका लगेच विचारतात, "किती खर्च?" पुतणी म्हणते, "सध्या एका वहीचा."

ही वही फोनशेजारी ठेवायची. पंधरा दिवस जो जो फोन येईल, त्यातला पहिला प्रश्न तिच्यात उतरवायचा. विक्री झाली की नाही ते नंतर. फक्त प्रश्न, आणि तो गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. पंधरा दिवसांनी वही उघडली की गंमत दिसते. शंभर फोन आले तरी प्रश्न सात-आठच असतात. "अमुक नंबरचं आहे का?" "भाव काय?" "आत्ता उघडं आहे का?" "दुकान नेमकं कुठं?" "जीएसटीचं बिल मिळेल ना?" "मिलमध्ये पोहोचवाल का?" "नसेल तर कधी येईल?"

आता हीच यादी घेऊन वेबसाइटचं पहिलं पान बघावं. यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तिथं आहेत? बहुतेक ठिकाणी एकाचंही नसतं! 'आमच्याविषयी' आहे, 'आमचं ध्येय' आहे, 'आमची दृष्टी' आहे. वहीत मात्र एकाही गिऱ्हाइकानं दुकानाच्या ध्येयाची चौकशी केलेली नाही.

इथं एक नाजूक प्रश्न येतो. पहिल्या पानावर काकांच्या वडिलांचा फोटो आहे. दुकान त्यांनी काढलं. पुतणी म्हणते, "आजोबांचा फोटो वरून हलवावा लागेल." काका गप्प होतात. तिचं म्हणणं खरं असलं तरी ते ऐकणं सोपं नसतं. घरच्या धंद्यात वेबसाइट अडते ती पुष्कळदा इथंच. पैशांवर किंवा तंत्रावर नाही, मायेवर. उपाय मात्र आहे. ज्याला दुकानाची ओळख करून घ्यायची आहे त्याच्यासाठी स्वतंत्र पान ठेवावं. तिथं फोटो लावावा आणि दुकान कसं सुरू झालं ते चार ओळींत सांगावं. नव्या गिऱ्हाइकाला जुन्या दुकानाचा भरवसा वाटतोच. फक्त रात्री साडेअकराला त्याच्या वाटेत तो फोटो आडवा येऊ नये. आजोबा असते तर त्यांनीही आधी बेअरिंग दिलं असतं आणि मग गप्पा मारल्या असत्या.

आकड्यांची भाषा

बेअरिंगच्या धंद्यात गिऱ्हाइकाची खरी भाषा आकड्यांची. ६२०५ मधले शेवटचे दोन अंक घ्यावे आणि पाचनं गुणावं : पाच पंचे पंचवीस. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटरचं. ६२०४ चं २० मिलिमीटर. ०४ पासून पुढच्या नेहमीच्या आकड्यांना हा हिशेब लागू पडतो. पण ६३०५ घेतलं तर? भोक तेच २५ मिलिमीटर, मात्र बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ आणि जाडी १५ ऐवजी १७ मिलिमीटर. शाफ्टवर बसेल, घरात शिरणार नाही! आकड्यामागच्या अक्षरांनाही अर्थ असतो. 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, 'टू-आर-एस' म्हणजे रबरी सील. पट्ट्याचंही तसंच. 'बी-५२' म्हणजे बी जातीचा, १७ मिलिमीटर रुंदीचा व्ही-बेल्ट, लांबी ५२ इंच.

हे सगळं काकांना तोंडपाठ आहे. काउंटरवर ते गिऱ्हाइकाला चटकन सांगतात, "६३०५ नको, तुझ्या मोटरला ६२०५ लागेल. जुनं दाखव बघू." पण वेबसाइटवर काय आहे? 'सर्व प्रकारची बेअरिंग्ज मिळतील.' चाळीस वर्षांचं ज्ञान काकांच्या डोक्यात आणि वेबसाइटवर एक पोकळ वाक्य. छोट्या दुकानाची खरी पुंजी म्हणजे हे ज्ञान. मोठ्या बाजारपेठेतून पार्सल मागवता येतं, पण चुकीचं पार्सल येणार नाही याची हमी काकाच देऊ शकतात. म्हणून वेबसाइटवर तीन गोष्टी हव्यात. आकडा टाकला की माल सापडेल अशी शोधपेटी. प्रत्येक आकड्यासमोर भोक, व्यास आणि जाडी. आणि 'आकडा पुसला गेलाय? जुन्या बेअरिंगचा फोटो पाठवा, माप आम्ही सांगतो' अशी एक ओळ.

शब्दही गिऱ्हाइकाचेच हवेत. सिलतऱ्यात खरेदी विभागातला अधिकारी इंग्रजीत शोधतो, फिटर हिंदीत. कुणी 'व्ही-बेल्ट' म्हणतो, कुणी नुसतं 'पट्टा'. दोन्ही शब्द पानावर असले तर दोघांनाही दुकान सापडतं. महाराष्ट्रातल्या दुकानदारानं मराठी का टाळावी? देवनागरीतले वेबपत्तेसुद्धा, म्हणजे शेवटी '.भारत' असलेले, २०१४ पासून मिळतात.

सेकंदांचा हिशेब

गिऱ्हाईक किती वेळ थांबतं? वापरसुलभतेचे डेन्मार्कमधले अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या होत्या. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. संगणक बदलले, फोन आले, पण माणसाचा स्वभाव तोच राहिला. गूगलनंही २०२० मध्ये चांगल्या पानाची कसोटी ठरवताना मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं म्हटलं.

छोट्या वेबसाइटचे पाय ओढतात ते बहुतेक वेळा फोटो. मोबाइलनं काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा सहज भरतो. तो जसाच्या तसा पानावर चढवला, असे आठ चढवले, की गिऱ्हाइकाच्या फोनला चाळीस एमबीचं ओझं. फोटो लहान करून दोनशे केबीच्या आत आणला तर फोनच्या पडद्यावर फरक ओळखू येत नाही, पान मात्र झटकन उघडतं. सरकती चित्रं काढूनच टाकावी. वाचता वाचता ती सरकतात आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

दुसरा दोष त्याहून मोठा : चित्रात लिहिलेला मजकूर. भावाची यादी, पत्ता, फोन नंबर, सगळं चित्रात. दिसायला सुबक, कामाला शून्य. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. शोधणाऱ्याला तो मजकूर सापडेलच याची खात्री नाही. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला पान वाचून दाखवणारा फोनही बहुधा तिथं मुका होतो. नंबर अक्षरांत लिहावा आणि पानाच्या सर्वांत वर ठेवावा.

खरं तेच लिहावं

'चोवीस तास सेवा' असं पुष्कळजण लिहितात. रात्री फोन उचलायला मात्र कुणी नसतं! त्यापेक्षा 'दुकान सकाळी ९ ते रात्री ८. मशीन बंद पडलं असेल तर रात्री या नंबरवर फोन करा' हे प्रामाणिक. आणि तो नंबर रात्री उचलला गेलाच पाहिजे. भावाचंही तसंच. लोखंडाच्या बाजारात भाव हलतात, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. 'भाव अमुक तारखेचा' असं लिहिलं तर ते रागावत नाही. तारीखच नसलेली जुनी यादी पाहून मात्र त्याचा विश्वास उडतो.

विश्वास हा तर सगळ्याच ऑनलाइन धंद्याचा कळीचा मुद्दा. यात कोकणातलं एक उदाहरण शिकण्यासारखं आहे. देवगड हापूसच्या नावावर दुसरेच आंबे खपतात, ही बागायतदारांची जुनी तक्रार. त्यावर देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावण्याची योजना आणली. गिऱ्हाइकानं त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि फळ कुठलं ते पडताळून पाहायचं. आंबा असो की बेअरिंग, नकली मालाची भीती सारखीच. 'आमचा माल अस्सल आहे' असं लिहून ती जात नाही. गिऱ्हाइकाला स्वतः खात्री करून घेता आली तरच जाते. बेअरिंगच्या दुकानानं आपण कोणत्या कंपनीचे अधिकृत विक्रेते आहोत त्याचं प्रमाणपत्र आणि जीएसटी क्रमांक पानावर ठेवावा. आजकाल तो क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो.

घरून लोणची, मसाले, साड्या विकणाऱ्या ताईंनीही हे ध्यानात ठेवावं. घरगुती गिऱ्हाइकांना ऑनलाइन माल विकणाऱ्या व्यवसायांसाठी २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. त्यांनुसार विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. तक्रार आल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत तिचं निवारण करायचं. सगळे कर आणि खर्च धरून एकूण किंमत किती हेही सांगायचं. शेवटच्या पायरीवर अचानक 'पोहोच खर्च वेगळा' असं दाखवलं की हातातलं गिऱ्हाईक निसटतं. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही हवा.

किल्ली आपल्याच खिशात

पुष्कळ दुकानदारांची आणखी एक व्यथा. वेबसाइट कुणा ओळखीच्या मुलानं करून दिली. वेबपत्ता त्यानं स्वतःच्याच नावानं नोंदवला. पुढे तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. आता नंबर बदलायचा तर पासवर्ड नाही आणि वार्षिक शुल्क भरायची तारीख कधी उलटली तेही कळलं नाही. दुकानाची किल्ली कुणी रंगाऱ्याकडे कायमची ठेवत नाही. वेबपत्त्याचंही तसंच असावं. नोंदणी मालकाच्या नावानं, पासवर्ड घरात आणि शुल्काची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

गूगलच्या नकाशावरच्या नोंदीवरही नजर हवी. तिथं वेळ किंवा नंबर बदलण्याची सूचना बाहेरचा कुणीही करू शकतो. नंबर चुकीचा झाला तर गिऱ्हाईक भलतीकडे जातं, क्वचित फसतंही, आणि बदनामी दुकानाची होते. नोंद स्वतःच्या ताब्यात घेऊन महिन्यातून एकदा पाहावी. दिवाळीत दुकान बंद असेल तर तसं तिथं लिहावं.

"पण आमची गिऱ्हाइकं तर व्हॉट्सॲपवरच येतात, वेबसाइट हवी कशाला?" असं काका विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, व्हॉट्सॲपवर येतो तो ओळखीचा. ज्याच्याकडे नंबरच नाही तो आधी शोधतो. आणि मोठ्या व्यापारी पोर्टलवर आलेली एकच चौकशी चार-पाच विक्रेत्यांकडे जाऊ शकते. मग स्पर्धा फक्त भावाची. आपल्या पानावर आलेलं गिऱ्हाईक मात्र आपलंच असतं. तिघांचंही काम वेगळं, एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये.

पाच माणसांची परीक्षा

सगळं झालं की काका आणि पुतणी पान उघडून बघतील आणि म्हणतील, "झकास!" पण परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासून कसं चालेल? नील्सन यांनी २००० मध्ये सांगितलं की, अवघ्या पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक दोष उघडे पडतात. त्यासाठी कंपनी लागत नाही. शेजारच्या चहावाल्याला बोलवावं, एका ट्रकचालकाला, एका फिटरला, घरातल्या आत्याला आणि कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला. प्रत्येकाच्या हातात त्याचाच फोन द्यावा आणि एकच काम सांगावं : "६२०५ नंबरचं बेअरिंग इथं मिळतं का आणि आत्ता कुणाला फोन करायचा, एवढं शोधा."

आणि मग सर्वांत कठीण गोष्ट करावी : गप्प बसावं! "अहो, खाली बघा, खाली" असं सांगायचा मोह होतो. तो आवरावा. रात्री साडेअकराला सुपरवायझरच्या शेजारी बसून त्याला सांगायला काका नसणार. कुणाचं बोट कुठं अडतं, कोण कुठं कपाळाला आठ्या घालतं, तेवढंच वहीत टिपावं. आत्याबाई म्हणतील, "मेलं हे अक्षर किती बारीक!" हीच सगळ्यात मोलाची सूचना.

यश मोजायचं तेही वहीतच. किती हजार लोकांनी पान पाहिलं या आकड्यानं घर चालत नाही. "दुकान कुठं आहे हो?" हे फोन कमी झाले का? "६२०५ ची दोन ठेवा, माणूस पाठवतो" हे फोन वाढले का? तसं झालं तर वेबसाइट कामाला लागली. फोन तेवढेच असतील पण प्रश्न नवे असतील, तर त्यांची उत्तरं पुढच्या आठवड्यात पानावर चढवायची. काउंटर रोज सकाळी पुसावं लागतं, तसंच हे.

घरच्या घरी तपासा

■ फोन नंबर पानाच्या वरच आहे का आणि बोट ठेवताच लागतो का?
■ वेळ, पत्ता, सुटीचा दिवस आजचा खरा आहे का?
■ वहीतल्या पहिल्या सात प्रश्नांची उत्तरं आहेत का?
■ मोबाइलवर, वायफाय बंद करून, पान किती सेकंदांत उघडतं?
■ भावावर तारीख आणि मालापुढे माप आहे का?
■ वेबपत्ता आणि पासवर्ड घरातल्या माणसाच्या हाती आहेत का?

वेबसाइट चांगली झाली म्हणून वाईट माल खपणार नाही. फोन तिरसटपणे उचलला तर पानावरचं गोड बोलणंही वाया जाईल. पण ज्यांचा माल चांगला आहे, बोलणं गोड आहे आणि ज्ञान चाळीस वर्षांचं आहे, त्यांनी केवळ पानावर नंबर सापडत नाही म्हणून गिऱ्हाईक गमवावं, याची हळहळ वाटते.

पुन्हा एकदा रात्रीचे साडेअकरा. पुन्हा तोच आवाज, हातात तेच काळं बेअरिंग. सुपरवायझर फोनवर आकडा टाकतो. पान लगेच उघडतं : '६२०५, आत २५, बाहेर ५२, जाडी १५. दुकानात आहे. मशीन बंद असेल तर रात्रीसाठी हा नंबर.' तो बोट ठेवतो. दोन रिंग वाजतात. वरच्या मजल्यावर दिवा लागतो.

"हां बोला," काका विचारतात, "झाकण पत्र्याचं होतं की रबराचं?"